औशाच्या जमिनीला साताऱ्याचा कायदा

महाराष्ट्रात कूळ कायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे, विदर्भाला १९५८चा वेगळा, आणि मराठवाड्याला १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. नांदेड-लातूरच्या दिवाणी न्यायालयांत आणि तहसील कचेऱ्यांत रोज वावरणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. साताऱ्याचा वकील ३२-ग खाली ठरलेली किंमत बघतो, ३२-म चे प्रमाणपत्र मागतो, १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनापासून हिशेब मांडतो. लातूरचा वकील आधी विचारतो, संरक्षित कुळात नाव आहे का, ३८-ई चे प्रमाणपत्र मिळाले का. कुळाने मिळवलेली जमीन विकायची झाली तर साताऱ्यात कलम ४३ आडवे येते, औशात ५०-ब.

आता औसा तालुक्यातला एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. आजोबा संरक्षित कूळ होते, नातवाने जमीन विकायला काढली आणि मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी तारीख आहे. त्याचा तरुण वकील रात्री मोबाइलवर चॅटजीपीटीला मराठीत प्रश्न टाकतो. अर्ध्या मिनिटात उत्तर हजर होते. मुद्दे पाडलेले, भाषा नेटकी, सूर ठाम. त्या उत्तरात ३२-ग, कलम ४३ आणि कृषक दिन असण्याचा संभव मोठा आहे. यातले काहीही खोटे नाही. कलमे खरी आहेत, त्यांच्यावरचे निवाडेही खरे आहेत. फक्त औशाच्या त्या जमिनीशी त्यांचा संबंध नाही.

असे का होते, हे यंत्र कसे चालते ते पाहिले की कळते. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही साधने कायदा लावून बघत नाहीत. अफाट मजकूर पचवून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधत ती उत्तर रचतात. ज्या विषयावर लिखाण भरपूर, तिकडे त्यांचा ओढा. मुंबई कायद्यावर पुस्तके, टिपणे, निवाडे रग्गड आहेत. हैदराबाद कायद्यावर त्या मानाने थोडे, आणि त्यातलेही पुष्कळसे तेलंगणातले, कारण १९५०चा तोच कायदा तिकडे आपापल्या दुरुस्त्यांसह चालत आला. म्हणजे वकिलाने दक्षता घेऊन ‘हैदराबाद कायदा’ असे प्रश्नात लिहिले, तरी उत्तरात महाराष्ट्राची दुरुस्ती आली की तेलंगणाची, हे त्यालाच बघावे लागते.

वकिलीत एआयचा जबाबदार वापर म्हटले की सध्या सगळी चर्चा बनावट निवाड्यांभोवती फिरते. ती फिरावी, कारण प्रकार गंभीर आहे. पण मराठवाड्यातल्या पक्षकाराला जास्त धोका आहे तो खऱ्या पण परक्या कायद्याचा. बनावट निवाडा शोधला की सापडत नाही आणि तिथेच उघडा पडतो. परका कायदा शोधला की सापडतो, आणि सापडला म्हणून तो बरोबर मानला जातो.

बनावट निवाड्यांची कहाणी न्यूयॉर्कपासून सुरू झाली. जून २०२३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या प्रकरणात पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी दाखल केले होते. त्यातली बोलकी गोष्ट पुढची आहे. शंका आल्यावर वकिलाने त्याच यंत्राला विचारले की हा निवाडा खरा आहे का, आणि यंत्राने हो म्हटले. साक्षीदारालाच स्वतःच्या खरेपणाचा दाखला मागावा, तसा हा प्रकार.

भारतात हे लोण यायला वेळ लागला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाच्या एका आदेशातच नसलेले निवाडे आले आणि आदेश मागे घ्यावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका याचिकेत ‘राज नारायण विरुद्ध इंदिरा नेहरू गांधी’ या १९७२च्या निवाड्यातला ७३ वा परिच्छेद उद्धृत केला गेला. मूळ निवाडा २७ परिच्छेदांचा. याचिका मागे घेण्याची वेळ आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बी. पी. कोलाबावाला आणि न्या. अमित जामसंडेकर यांच्या खंडपीठाने केएमजी वायर्स या कंपनीविरुद्धचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले निवाडे अस्तित्वात नव्हते. एआयच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नये, ती पडताळून घ्यावीत, असे खंडपीठाने बजावले. जानेवारी २०२६ मध्ये त्याच उच्च न्यायालयात नसलेल्या निवाड्याचा आधार देणाऱ्या लेखी युक्तिवादापायी पन्नास हजार रुपयांचा खर्च बसला. हा मजकूर यंत्राचा असल्याच्या खुणा न्यायालयाला कागदावरच दिसल्या होत्या. हिरव्या चौकटीतल्या बरोबरच्या खुणा तशाच राहिल्या होत्या.

भारतातली ही सगळी प्रकरणे उघडकीला आली ती कुठे? उच्च न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत. तिथे समोरचा वकील तयारीचा असतो, त्याच्याकडे निवाड्यांचे सशुल्क संग्रह असतात, न्यायमूर्तींच्या मदतीला विधी लिपिक असतात. अहमदपूरच्या किंवा देगलूरच्या न्यायालयात निशाणी ५चा अर्ज चालतो तेव्हा यातले काय असते? बोर्डावर प्रकरणांची रांग, समोरचा वकील तितकाच घाईत, न्यायाधीशांना अर्ध्या तासात तूर्तातूर्त मनाईचा निर्णय द्यायचा असतो. महाराष्ट्राच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. या गर्दीत चुकीच्या कायद्यावर उभा केलेला अर्ज बिनबोभाट पुढे सरकू शकतो. मनाई मिळते किंवा नाकारली जाते, पेरणी होते किंवा राहते. चूक अपिलात सुधारेलही, पण अपील म्हणजे आणखी काही वर्षे, आणि पुढचा टप्पा औरंगाबाद खंडपीठाचा, नांदेड-लातूरहून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये खास वकिलांसाठी बनवलेली, महागडी साधने तपासली. ही साधने निवाड्यांच्या खऱ्या संग्रहाला जोडलेली होती, तरीही साधनानुसार १७ ते ३३ टक्के वेळा उत्तरे सदोष निघाली. सदोष म्हणजे केवळ बनावट नव्हे. खरा निवाडा पुढे करून त्यात नसलेली गोष्ट त्याच्या माथी मारणे, हाही त्या मोजणीतला एक प्रकार होता. अमेरिकेत, जिथे सगळे निवाडे इंग्रजीत आणि बहुतेक संगणकावर आहेत, तिथली ही अवस्था. मराठवाड्याच्या जमिनीचे दप्तर समोर ठेवून त्या आकड्यांकडे पाहिले पाहिजे.

ते दप्तर कसे आहे? उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला आले. उदगीरच्या एकाच शेताचे कागद अशा रीतीने तीन जिल्ह्यांच्या नावांनी सापडतात. किनवट १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातला भैंसा, मुधोळ, कुबेरचा पट्टा त्याच पुनर्रचनेत तेलंगणाच्या बाजूला गेला. निजामकाळातले पुष्कळ दप्तर उर्दूत, सन फसली, त्यामुळे इसवी सन काढायचा तर ५९०च्या आसपास मिळवावे लागतात. जमिनीच्या वादात १९५४-५५ची खासरा पाहणी इथे जितकी बोलते तितका आजचा सातबारा बोलत नाही. इनाम जमीन असेल तर १९५२चा हैदराबाद अतियात चौकशी कायदा आणि १९५४चा हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन कायदा यांची सांगड घालावी लागते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा या दप्तराची गुंतागुंत सबंध महाराष्ट्राने पाहिली. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले.

यातले फार थोडे इंटरनेटवर आहे. जे यंत्राने वाचलेलेच नाही, त्याबद्दल यंत्र गप्प बसले असते तर प्रश्न नव्हता. ते बोलते, आणि तेवढ्याच ठाम सुरात बोलते. ‘लातूर जिल्हा’ असे लिहून १९६०चा निवाडा शोधा म्हटले तर तो उस्मानाबादच्या नावावर असल्याचे त्याच्या लक्षात येईलच याची खात्री नाही. ज्येष्ठ वकिलाला हे माहीत असते, कारण त्याने ते बस्ते स्वतः उघडलेले असतात. म्हणूनच ‘निवाडा अस्तित्वात आहे का ते बघा’ एवढा नियम मराठवाड्यात अपुरा पडतो. तो निवाडा या कायद्यावरचा आहे का, या विभागाला लागू आहे का, त्यानंतर दुरुस्ती झाली का, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजेत.

फौजदारी बाजूलाही अशीच खोच आहे. १ जुलै २०२४पासून तीन नवे कायदे आले आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करण्याचे कलम. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करायचा तर ५२८. पन्नास वर्षांचे निवाडे जुन्या आकड्यांनी भरलेले आहेत. तेच पचवलेले यंत्र ४८२ या आकड्यावर घसरू शकते, आणि ज्याला अटकेची भीती आहे त्याच्यासाठी ही चूक एका रात्रीत तुरुंगाचे दार उघडणारी आहे.

मग बंदी घालावी का? मुळीच नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांना तालुक्याच्या नव्या वकिलाची स्थिती ठाऊक नसते. नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयातून किंवा लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयातून पदवी घेऊन निघालेला मुलगा मुखेडला वा निलंग्याला बसतो, तेव्हा त्याच्यामागे ना घराण्याचे ग्रंथालय असते, ना संग्रहांची वर्गणी भरण्याइतकी कमाई. सीनियरकडून शिकायचे तर सीनियर दिवसभर कोर्टात. अशा मुलाला एखाद्या अवघड इंग्रजी निवाड्याचा सारांश मराठीत समजावून सांगणारे साधन पहिल्यांदाच हातात आले आहे. ते काढून घेणे म्हणजे मुंबईच्या मोठ्या फर्मला साधन ठेवायचे आणि मुखेडच्या ज्युनियरला नाकारायचे.

काही कामे यंत्र खरोखर चांगली करते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणात शेकडो पाने असतात: अधिसूचना, निवाड्याची नोटीस, ताब्याची पावती, शेजारच्या गटांची खरेदीखते. त्यांचा तारीखवार तक्ता लावण्यात ज्युनियरचे दोन दिवस जातात, यंत्राची काही मिनिटे. तक्ता चुकला तर मूळ कागद बाजूलाच असतो, ताळा घेता येतो. उलटतपासाची तयारी करताना साक्षीदाराच्या पोलीस जबाबात आणि कोर्टातल्या साक्षीत कुठे फरक आहे ते शोधणे, स्वतःच्या युक्तिवादातली भोके विरुद्ध पक्षाच्या नजरेने दाखवायला सांगणे, ही कामेही त्याच जातीची. सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. निवाड्यांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये ‘सुवास’ हे साधन आणले, आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत एआयच्या मदतीने युक्तिवादाचे शब्दांकन करण्याचा पहिला प्रयोग केला. न्याय काय द्यायचा हे यंत्राला विचारले नाही. बोललेले टिपायला आणि लिहिलेल्याचे भाषांतर करायला सांगितले.

भाषांतराचे काम मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे. १९९८च्या अधिसूचनेने महाराष्ट्राच्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली, उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत. म्हणजे नांदेडहून प्रकरण खंडपीठात गेले की साक्षी, निशाण्या, फेरफार यांचे इंग्रजी करावे लागते. पक्षकाराचे यात पैसे जातात आणि वेळही. यंत्र हे काम स्वस्त आणि जलद करू शकते. पण इथेही डोळ्यांत तेल घालून बघावे असे एक ठिकाण आहे. मराठी उलटतपासात वकिलाने सुचवलेली आणि साक्षीदाराने नाकारलेली गोष्ट अशी लिहितात: ‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी शेतात हजर नव्हतो.’ दोन नकार एका वाक्यात. साक्षीदार म्हणतो आहे की तो हजर होता. भाषांतरात यातला एक नकार गळला की साक्ष उलटी होते, आणि साक्ष उलटी झाली की निकालही होऊ शकतो. पानाच्या पानांतून असे प्रत्येक वाक्य माणसाने मूळ मराठीशी ताडून बघितल्याशिवाय ते भाषांतर खंडपीठात जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाच्या भाषांतरित निवाड्यांखाली स्पष्ट सूचना असते की व्यवहारात इंग्रजी मूळ प्रतच अधिकृत. ही सावधगिरी जर तिथे लागते, तर उदगीरहून जाणाऱ्या साक्षीला ती दुप्पट लागते.

गुपिताचा प्रश्न याहून कमी बोलला जातो आणि जास्त बोलला पाहिजे. पक्षकार वकिलाला जे सांगतो ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ने संरक्षित आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सोचे कलम २३ आहेच. तरीही जामीन अर्जाचा मसुदा हवा म्हणून सबंध प्राथमिक खबर, नावागावासकट, फुकटच्या ॲपमध्ये चिकटवली जाते. तो मजकूर परदेशातल्या कंपनीच्या संगणकावर जातो. पुढे त्याचे काय होते, यावर वकिलाचा ताबा राहत नाही. उपाय अवघड नाही: नावे, गाव, गट क्रमांक, मोबाइल काढून ‘फिर्यादी’, ‘आरोपी क्र. १’ एवढेच ठेवावे. ज्या प्रकरणात नावे काढूनही तपशिलांवरून गावाला माणूस ओळखू येईल, ते प्रकरण यंत्राला दाखवूच नये.

यावर काही वकील म्हणतात की आम्ही पूर्वीही हेडनोट वाचूनच निवाडे दाखल करत होतो, अख्खा निवाडा कोण वाचत होते? खरे आहे, तसे होत होते. ते तेव्हाही चुकीचेच होते. फरक एवढा की हेडनोटमागे निवाडा असायचा, समोरच्याला तो उघडून खोडता यायचा. आता मागे काही नसू शकते. वेळ नाही, वर्गणी परवडत नाही, ही सबबही टिकत नाही. ई-एससीआरवर सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३पासून मोफत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. ‘इंडियन कानून’ २००८पासून फुकट आहे. यंत्राला विचारायला ज्याच्याकडे मोबाइल आहे, त्याच्याकडे तपासायलाही तोच मोबाइल आहे.

वकीलपत्रावर सही वकिलाची असते. यंत्राला सनद नाही, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही, आणि पक्षकार गावाकडून एसटीने येऊन त्याला जाबही विचारू शकत नाही. त्यामुळे चूक यंत्राची होती, असे न्यायालयात म्हणण्याला अर्थ नाही.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आणले. निष्कर्ष, दिलासा, आदेश यांसाठी एआय वापरायचे नाही, मान्यता दिलेलीच साधने वापरायची, भाषांतर माणसाने तपासायचे, कुठे वापर केला त्याची नोंद ठेवायची. ते न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. वकिलांच्या बाजूने असे काही करायला नांदेड आणि लातूरच्या वकील संघांनी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहू नये. टेक्सासमधल्या एका संघीय न्यायाधीशांनी मे २०२३ मध्येच वकिलांकडून लेखी हमी मागायला सुरुवात केली होती. इथे निवाड्यांच्या यादीखाली दोन ओळी पुरतील: हे सर्व निवाडे मूळ स्रोतातून वाचले आहेत, आणि ते मराठवाड्यात लागू असलेल्या कायद्यावरचे आहेत. दुसरी ओळ महत्त्वाची. ती लिहिताना वकिलाचा हात क्षणभर थांबेल, आणि तेवढ्यात तो १९४८ आणि १९५० मधला फरक बघेल.

सुरुवात कुठून करावी, याचेही उत्तर आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ने महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या माणसांना मोफत वकील मिळतो. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवरून येणारा किंवा कारागृहात जामिनाची वाट पाहणारा हा पक्षकार स्वतः अर्ज वाचू शकत नाही, दुसऱ्या वकिलाला दाखवायला त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि यंत्राने मसुद्यात काय घुसडले हे त्याला कधीच कळणार नाही. खासगी पक्षकार निदान वकील बदलू शकतो. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांच्या पॅनलवरील वकिलांना हे प्रशिक्षण आधी मिळावे, आणि त्यांच्या जामीन अर्जांतली कलमे दाखल होण्यापूर्वी एखाद्या ज्येष्ठाने नव्या संहितेशी ताडून पाहावीत.